स्पिरिटातल्या पेशी

"पुन्हा कोरीच," असं म्हणून डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून डोळे काढले, आणि थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या.

कोरी निघालेली काच धाकटीनं रंगवलेली होती. धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको. थोरलीनंच शब्द टाकून तिला या प्रयोगशाळेत चिकटवलं होतं, आणि आता स्वतःच्याच हातांनी हे काय करून बसले म्हणून ती जळत होती. आलेला नमुना टिकवायचं काम थोरलीचं. त्यातल्या कर्करोगाच्या पेशींना खास रंग द्यायचं काम धाकटीचं. पेशींवर तपकिरी रंग चढला की समजायचं, हा रोग हार्मोनच्या गोळ्यांनी आवरता येईल. नाही चढला तर जबर औषधांची सलाइनं. कौतुक अर्थातच रंगवणारीचं. घरी सासूबाईंच्या तोंडी धाकटी, इथं मॅडमच्या तोंडी धाकटी! माणसानं जावं तरी कुठं?

मागच्या आठवड्यात तर कहर झाला. सगळ्यांसमोर धाकटी म्हणाली, "वहिनी, या तपासणीचे नमुने स्पिरिटात नका घालू हं. फॉर्मालिनमध्येच ठेवा. स्पिरिटात रंग कधी चढतो, कधी दगा देतो."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काल आलेली ही, मला शिकवणार! त्याच दुपारी एका बाईच्या छातीतून काढलेलं पाणी आलं. थोरलीनं त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या, फॉर्मालिनची बाटली उचलली, परत ठेवली आणि मुद्दाम स्पिरिट ओतलं. होऊ दे फजिती. आज कोरी निघालेली काच त्याच पाण्याची.

"पडताळ्यासाठी शेजारी ठेवलेला ओळखीचा नमुना झकास रंगलाय," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे रंगात खोट नाही. पेशीतच रंग धरणारं काही नसेल तर दिसणार कुठून? नाही म्हणून लिहून टाकते."

तो ओळखीचा नमुना फॉर्मालिनमधला होता. झकास रंगणारच. बाईचा स्पिरिटातला, हे फक्त थोरलीला ठाऊक.

"पण मॅडम, त्या बाईंच्या पहिल्या गाठीत रंग आला होता," धाकटी म्हणाली. "माझाच हात चुकला असेल. परत करू?"

"परत म्हणजे किती वेळा गं? हल्ली तुझं लक्ष असतं कुठं?"

आहाहा! हे ऐकायला थोरलीचे कान आसुसले होते. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. तीच बाई होती. चार पावलं चालून धाप लागलेली, पण आवाज खणखणीत.

"रिपोर्टाचं काय झालं हो? गोळ्या चालतील ना? ती सलाइनं मी परत नाही घ्यायची, आधीच सांगून ठेवते. मागच्या वेळी मरता मरता वाचले. त्यापेक्षा घरी पडून राहीन."

"बसा. बघते," थोरली म्हणाली. ती आत वळली. आत मॅडमनी पेन उघडलं होतं.

"मॅडम, सही करू नका. तो नमुना मी स्पिरिटात घातलाय."

"स्पिरिटात? विसरलात का?"

"गर्दी होती ना त्या दिवशी," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "विसरल्या असतील वहिनी."

हो म्हटलं की सुटका होती. पण हिच्या दयेवर सुटायचं? छे!

"विसरले नाही," थोरली म्हणाली. "हिनं नको म्हणून सांगितलं, म्हणूनच घातला."

मॅडमनी पेन बंद केलं. मग म्हणाल्या, "फ्रिजमध्ये उरलेलं पाणी असेल, ते हिच्याकडे द्या. आणि यापुढे नमुने हीच घेईल. तुम्ही काचा धुवायला बसा."

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "हिचं तोंड का उतरलंय?" धाकटी म्हणाली, "काम फार पडलं हो त्यांना." बास, एवढंच. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चांगुलपणातसुद्धा हिनंच पुढं असावं! एकदा तरी चुगली कर की गं, म्हणजे मला मनसोक्त भांडता येईल.

नवी काच तयार झाली तेव्हा थोरली मोरीपाशी हात फेसानं भरून उभी होती. आतून मॅडमचा आवाज आला, "वा! याला म्हणतात रंग!" मग खिडकीशी त्या बाईचं हसणं, धाप लागेपर्यंत.

धाकटी दारात आली. "वहिनी, एकदा बघता का?"

नाही म्हणावंसं वाटत होतं. थोरलीनं हात पुसले, आत जाऊन डोळा लावला. पेशीपेशीत दाट तपकिरी रंग, कुठे डाग नाही, कुठे ओघळ नाही. चूक काढायला ती सगळी काच हिंडली.

"कसा आलाय?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं काच आणखी एकदा सरकवली.

"बरा आलाय," ती म्हणाली, आणि डोळा न काढता बघतच राहिली. मेला, सुंदर आला होता.