नॉर्माच्या ओळीची बिअर

अमेरिकेतल्या यकिमाच्या खोऱ्यात बिअरला कडू चव आणि वास देणारं हॉपचं फूल कोणी नुसतं बघत नाही. तळहातांवर चोळून नाकाशी धरतं. व्हर्लिननं आणि मी उभा जन्म तेच केलं. मळा त्याचा, मजुरी माझी, पण माल काढायचा दिवस आम्ही दोघं मिळून ठरवायचो.

त्याच्या बायकोला, नॉर्माला, कालव्याच्या कडेला हॉपचा एक रानवेल सापडला होता. त्याची मुळं लावून तिनं एक ओळ केली. नॉर्मा गेली, ओळ राहिली. त्यांचा मुलगा कर्ट म्हणायचा, "बाबा, या वाणाला कुत्रं विचारत नाही. सफरचंद लावू."

"आधी हिची बिअर चाख. मग उपट."

"बरं. चांगली निघाली तर ठेवू."

व्हर्लिननं घरीच आयपीए, म्हणजे हॉपचाच वास पुढे असणारी बिअर, करायचं ठरवलं. हॉप एकच, नॉर्माचा. "चार वाण मिसळले की कोणाचंही पाप झाकतं," तो म्हणाला. "हिला एकटीलाच उभी करू."

शेजाऱ्यांची तोडणी झाली. आमची ओळ तशीच. व्हर्लिन रोज सकाळी फूल चोळायचा. "कालच्यापेक्षा आज वास जास्त येतोय. थांबू." मलाही तसंच वाटे. पिकल्या पीचचा वास, मागे संत्र्याची साल. फुलांच्या कडा तपकिरी झाल्या तेव्हा कुठे तोडली.

गॅरेजमध्ये माल्टचा, मोड आणून भाजलेल्या जवाचा, काढा उकळला, शेवटी फुलं घातली. बिअर आंबून निवली, तेव्हा पुन्हा घातली.

बाटली उघडली त्या दिवशी कर्टनं ग्लास नाकाशी नेला.

"बर्गर कुठाय? कांदा तर आलाय."

"थट्टा पुरे."

"तूच पी ना, बाबा."

व्हर्लिन प्यायला. ग्लास माझ्याकडे सरकवला. "एउसेबियो, तू सांग."

कांदाच होता, वर लसूण. फूल वेलावर फार पिकलं की असंच होतं, हे आम्हाला पोरवयापासून ठाऊक. दुसऱ्या कुठल्याही ओळीत आम्ही इतके थांबलो नसतो.

"कांदा," मी म्हणालो.

"एक वर्ष दे, कर्ट. लवकर तोडू."

"गेल्या वर्षीही एकच वर्ष मागितलं होतंस."

व्हर्लिननं माझ्याकडचा ग्लास परत ओढला. शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

सोमवारी कर्ट ट्रॅक्टर घेऊन आला. व्हर्लिन ओळीच्या टोकाला उभा होता.

"नांगर आणखी खोल घाल," तो म्हणाला. "मुळाचा तुकडा राहिला तर वसंतात कोंब येतील. मग मी रोज बघायला येईन."

कर्टनं नांगर खाली केला.