सुखडी कोणाची

"पण नगीनदादा, सुखडी आहे कोणाची?"

जिनलने उभं राहून विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिला कळलं की आपण खरंच विचारलंय. ओट्याच्या टोकाला ध्वनी आणि खुशाली एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. दुपारी शाळेतून येताना दोघींनी तिला डिवचलं होतं, हिंमत असेल तर सगळ्या फळियासमोर, अख्ख्या गल्लीसमोर विचार. वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून 'हिंमत असेल तर' हे शब्द ऐकले की जिनलच्या पायांत वारं भरायचं.

नगीनदादांनी खाटेवर मांडी बदलली. खंभातमध्ये अकीकचे मोठे व्यापारी ते. अर्धा फळिया त्यांच्यासाठी दगड घासायचा, मणी पाडायचा. जिनलचे पप्पाही. दादांना प्रश्न विचारायची सवय कुणाला नव्हती.

"कोणाची म्हणजे? फळियाची."

"हो, पण फळियाची म्हणजे नक्की कोणाची?"

हशा पिकला. "जशुभाई, पोरीला वकील करा, वकील!" कुणीतरी मागून ओरडलं. पप्पा हसले, पण नुसत्या ओठांनी. त्यांच्या नखांत अकीकची लाल भुकटी होती आणि ते ती दुसऱ्या नखाने कोरत बसले होते.

"मी आपली शेवटची रोटली टाकते, बस्स," शारदाकाकी घाईघाईने म्हणाल्या. "रोटली टाकली म्हणजे कुत्री काय माझी झाली?"

"दूध मीही ठेवतो," मागून एकजण म्हणाला. "पण ते कुठल्याही कुत्र्याला. धर्माचं."

परवापर्यंत हीच मंडळी सुखडीला फळियाची राखणदार म्हणत होती. गूळ-तुपाच्या सुखडीच्या वडीसारखाच तिचा रंग, तूप जरा जास्त झालेला. दारातून अनोळखी फेरीवाला आत आला तर ती त्याला वळणापर्यंत सोडून यायची. आता जिनलच्या घराच्या ओट्याखाली, ज्या कपारीत ती व्यायली होती, तिच्या तोंडाशी फळी लावून वर मोठा दगड ठेवला होता. आत ती आणि तिची डोळे न उघडलेली पिल्लं. फळियाचा एकुलता एक दरवाजाही लावून घेतला होता. मुलं घराघरांत कोंडलेली, खिडक्यांच्या गजांतून बघणारी.

"दवाखान्यात हेच विचारलं."

आवाज हळू होता, म्हणून सगळे गप्प झाले. फाल्गुनीबेन भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर त्यांचा पर्व झोपला होता. हनुवटीवर पट्टी, उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी.

"कुत्री कोणाची, तिला लस टोचलीय का. मी काय सांगणार? डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं तर सगळी पूर्ण करायचीच. पण कुत्रीला बांधून ठेवा, रोज कुणीतरी बघत राहा. खाईनाशी झाली, लाळ गाळायला लागली, तर लगेच येऊन सांगा. मी विचारते, कोण बघणार?"

नगीनदादांनी खोकून घसा साफ केला.

"उद्या सकाळी नगरपालिकेची गाडी येईल. मी फोन केलाय. प्रश्न मिटला."

"पण मग तिला बघणार कोण, दादा? गाडीवाले सांगायला येणार आहेत का?" जिनल अजून उभीच होती. बोलताना तिचा हात आपोआप पुढे जायचा, शाळेच्या स्टेजवर जायचा तसा.

दादा तिच्याकडे बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बेटा, नाव कोणी ठेवलं तिचं?"

जिनलचा हात खाली आला.

"कोणाच्या हाकेला येते ती? आणि कोणाच्या ओट्याखाली व्यायली?"

फळियातल्या झाडून सगळ्यांच्या माना जिनलच्या घराकडे वळल्या. ध्वनी आणि खुशालीचं खिदळणं थांबलं. खुशाली चपलेचा अंगठा नीट करू लागली.

"नाही हं दादा." पप्पा उभे राहिले होते. "आमची नाही. पोरीला नाद आहे, एवढंच. तुम्हाला तर माहीत आहे, आमच्याकडे माणसांनाच जागा पुरत नाही."

"मीही तेच म्हणतोय, जशुभाई. कोणाचीच नाही. म्हणून तर गाडी."

जिनल बसली. कोणाचीच नाही म्हटल्याबरोबर सगळ्यांचे खांदे कसे सैल झाले, हे तिला बसल्याजागी दिसलं. आणि सैल झालेल्या शारदाकाकींनाच मग सुचलं.

"खरं बोलू का? राग आला तर येऊ दे. चार वर्षांच्या पोराला व्यायलेल्या कुत्रीपाशी एकटं सोडलंच कसं? जनावर ते. आईने बघायला नको?"

"मोबाइल असेल हातात."

"आजकालच्या आया!"

"मी पाणी भरत होते," फाल्गुनीबेन म्हणाल्या. "तो दारातच खेळत होता. त्याच्या हातात शिऱ्याची वाटी कुठून आली, देव जाणे. विचारलं तर म्हणतो, मासीने दिली. फळियातल्या सगळ्याच बायका त्याच्या मासी."

"म्हणजे आता आमच्यावर?" शारदाकाकींनी पदर खोचला. "पोर सांभाळायचं नाही, आणि वर मासी!"

जिनलने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मम्मीने तिचं मनगट पकडलं. वर बघितलं नाही. नुसतं पकडलं, बांगड्या रुतेपर्यंत.

शिरा जिनलनेच करायला लावला होता. फळियात कुत्री व्यायली की पोरांनी घरोघर फिरून पीठ, तूप, गूळ मागायचा आणि बाळंतिणीसाठी शिरा करायचा, हे पूर्वापार. या वेळी टोळीची म्होरकी जिनल होती. ती दारोदार अशी काही भाषणं ठोकत हिंडली की कंजूष म्हणून नावाजलेल्या घरातूनही वाटीभर तूप निघालं. शिरा मम्मीने केला. फळियाभर वास सुटला.

जिनल कागद आणायला माडीवर गेली होती, द्रोण करायला. खिडकीतून तिला खाली दिसलं. मम्मीने वाटीत शिरा घातला, फुंकर मारली आणि दारात रेंगाळणाऱ्या पर्वच्या हातात दिली. "जा बेटा, तिच्या तोंडापुढे ठेव. लेकराच्या हातचं दिलेलं सगळ्यात आधी पोचतं." असं सगळ्याच म्हणायच्या. जिनललाही लहानपणी किती वेळा ठेवायला लावलं होतं. पर्व दोन्ही हातांनी वाटी धरून, जीभ बाहेर काढून, सांडू नये म्हणून हळूहळू चालत गेला. कपारीशी वाकला. आणि एक पिल्लू उचलायला त्याने हात आत घातला.

जिनल जिना उतरून येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

सभा उठली. घरी आल्यावर पप्पांनी दार लावलं, कडी घातली, मग परत एकदा कडी ओढून बघितली.

"झाली हौस? सगळ्यांसमोर विचारलंस? दादांनी उद्या मण्यांचं काम दुसऱ्याला दिलं तर काय खाशील, कप?"

"मम्मी, तू सांगितलं का नाहीस?"

मम्मी कणीक मळायला बसली होती. "काय सांगायचं होतं?"

"मी बघितलंय. माडीवरून."

कणकेवरची मूठ थांबली. पप्पांनी एकीकडून दुसरीकडे बघितलं. त्यांना माहीत नव्हतं, हे जिनलला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग काही वेळाने त्यांना माहीत झालेलं दिसलं.

"इला?"

"मी काय मुद्दाम दिली?" मम्मीचा आवाज चिरकला. "मला वाटलं, लेकराच्या हातून… दरवेळी तसंच करतात. माझ्या हाताला पीठ होतं. सुखडी दोन पावलांवर तर होती."

बाहेर फळीवर नख ओढल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. आत पिल्लं कुईकुई करत होती. ओटा त्यांच्या उंबऱ्याला लागूनच, त्यामुळे ती जणू घरातच ओरडत होती.

"झालं ते झालं," पप्पा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "हे आता या चार भिंतींत राहील. समजलं ना, जिनल? एकदा 'आमची चूक' म्हटलं की सगळा फळिया आपल्या डोक्यावर येऊन बसेल. इंजेक्शनंही आपल्यावर, कुत्रीही आपल्यावर. उद्या कुणाच्या घरात दूध नासलं तरी आपल्यामुळेच. आपण इथं भाड्याने राहतो. तू दहावीत आहेस. तुझं काम अभ्यास."

"आणि फाल्गुनीमासीला म्हणतायत ते?"

"लोक चार दिवस बोलतात."

"तिच्या सासूने जेवायला वाढलं नाही तिला. ध्वनी सांगत होती."

मम्मीने कणकेचा गोळा उचलला, परत परातीत ठेवला. तिने रडायला सुरुवात केली नाही. रडली असती तर जिनलला तिच्या गळ्यात पडता आलं असतं, आणि मग कदाचित विषय संपला असता.

जिनल खिडकीपाशी गेली. फळीच्या फटीतून सुखडीचं नाक दिसत होतं, ओलं, हलणारं. जिनलची चाहूल लागताच नखांचा आवाज थांबला. व्यायल्यापासून सुखडी कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. शारदाकाकींवर गुरगुरली, रोजच्या दूधवाल्यावर गुरगुरली. फक्त जिनलने हात आत घातला तर चाटायची. जिनलला त्याची कोण मौज! ती पोरांना गोळा करून ओट्यावर बसवायची आणि ऐटीत कपारीत हात घालून पिल्लू बाहेर काढून दाखवायची. "बघा, मलाच देते. दुसऱ्या कुणाला नाही देणार." सुखडीचे कान मागे गेलेले असायचे, ओठ किंचित वर. पोरं टाळ्या वाजवायची. पुढच्या रांगेत पर्व असायचा, सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा.

पिल्लू कसं काढायचं ते त्याने बघून ठेवलं होतं.

बराच वेळ ती गजाला धरून उभी राहिली. समोर फाल्गुनीबेनच्या घरात दिवा लागला, पण दार उघडलं नाही. नगीनदादांची खाट कुणीतरी उचलून नेली. मागे परातीत कणीक वाळत चालली होती, आणि तिघांपैकी कुणीही भूक लागली असं म्हणत नव्हतं.

जिनल वळली. ओढणी घेतली. दोरीवरचा जुना पट्टा काढला, पप्पांचाच, कमरेचा. तो मुठीत गुंडाळला.

"कुठे?" पप्पा.

"आधी फाल्गुनीमासीकडे. मग दादांकडे, गाडी नको म्हणून सांगायला." स्टेजवरचा आवाज तिला सापडत नव्हता. साधाच निघाला, जरा घोगरा. "सुखडी माझी आहे, पप्पा. नाव मी ठेवलं, आणि पोरांना तिच्या अंगावर मीच नेलं. तिला मी बांधणार, रोज मीच बघणार, आणि काय दिसलं ते रोज संध्याकाळी मासीला जाऊन सांगणार. शाळेच्या आधी, शाळेनंतर. पोरं ओट्यापाशी आली तर हाकलणार. इंजेक्शनाला मासीबरोबर जाणार. तुम्ही नाही म्हणालात तरी."

"डोकं फिरलंय तुझं," पप्पा म्हणाले, पण दार अडवून उभे राहिले नाहीत.

मम्मी अजून परातीकडे बघत होती. जिनल तिच्यासमोर उकिडवी बसली.

"वाटीचं मी आपणहून नाही सांगणार, मम्मी. ते तुझं आहे. पण मासीने मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही." तिने मम्मीच्या बोटांवरचं वाळलेलं पीठ अंगठ्याने खरवडलं. "म्हणून म्हणते, तिने विचारायच्या आत तू ये."