पट्ट्यांचं पाणी

“ही ती नदी नाही,” ती म्हणाली आणि गेमचा कंट्रोलर नवऱ्याच्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

चष्मेवाल्यांनी टीव्हीकडे पाहिलं. चित्र उत्तम होतं. आठवडाभर खपून त्यांनीच ते तसं केलं होतं. झाडाचं पानन्‌पान सुटं दिसत होतं, खेळातल्या प्रवाशाच्या टोपीची कड अगदी रेखीव आली होती. अडतीस वर्षं लोकांच्या नाकावर काचा चढवून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, की आता स्वच्छ दिसतंय का. स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं.

बायकोचं विसरणं दोन वर्षांपासून वाढत चाललं होतं. आधी किल्ल्या, मग शेजारणींची नावं, आणि अलीकडे अधूनमधून स्वतः चष्मेवालेही. त्यातच तिनं ध्यास घेतला, नदीवर जाऊ या म्हणून. त्यांनी रिक्षा करून तिला पुलापाशी नेलं. तिथून लांबच्या बंधाऱ्यावर नेलं. दोन्हीकडे ती खाली उतरली, पाण्याकडे पाहिलं, आणि ही नव्हे म्हणून परत रिक्षात जाऊन बसली.

शेवटी त्यांनी परगावी असलेल्या थोरल्या लेकीला फोन करून विचारलं. आई लहानपणी कुठल्या नदीकाठी राहिली होती का?

“बाबा, ती खरी नदी नाही. आमच्या गेममधली आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. मुली शाळेत आणि बाबा दुकानात गेले, की आई दुपारी मुलींच्या गेमच्या मशीनवर खेळायची. कित्येक वर्षं. जिंकण्याशी तिला देणंघेणं नव्हतं. नदीपर्यंत पोचायची आणि काठाकाठानं नुसती चालत राहायची. पुढं राक्षस आहे, त्याला मारलं की दुसरा देश लागतो, असं मुलींनी सांगून पाहिलं, तर म्हणायची, मला इथंच बरं वाटतं.

चष्मेवाल्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते काळं मशीन मात्र आठवलं. मुलींच्या लग्नांनंतर माळा आवरताना त्यांनीच ते भंगारात देऊन टाकलं होतं. बायको तेव्हा दारात उभी होती.

लेकीनं तोड काढली. एम्युलेटर नावाचा एक प्रोग्रॅम असतो, त्याच्यामुळं कॉम्प्युटर जुन्या मशीनचं सोंग घेतो. तिनं तो पाठवला, आणि चष्मेवाले सहासष्टाव्या वर्षी शिकायला बसले. पहिल्यांदा चित्र टीव्हीभर ताणलं गेलं आणि प्रवासी पिंपासारखा फुगला. त्याला पुन्हा मापात आणायला दोन दिवस गेले. बायकोची बोटं आखडत, म्हणून चालण्याखेरीज बाकी सगळी कामं त्यांनी अंगठ्याखालच्या एकाच बटणावर आणून ठेवली. सुरुवातीची बारीक अक्षरांची यादी पाहून ती बावरायची, तेव्हा ती यादीच काढून टाकली. चालू केलं, की थेट नदीचा काठ. प्रत्येक फेरफार ते दुकानातल्या चष्म्याच्या नंबराच्या कार्डांवर लिहून ठेवत. उजव्या डोळ्याच्या रकान्यात जुना आकडा, डाव्याच्या रकान्यात नवा.

आणि एवढं करून, ही ती नदी नाही.

संध्याकाळी त्यांनी पडद्याचा फोटो लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. “बाबा, तुम्ही फारच स्वच्छ केलंय हो.”

खेळ बनवणाऱ्यांनी पाण्याचं चित्र काढलंच नव्हतं, ती म्हणाली. त्यांनी नुसत्या उभ्या पट्ट्या काढल्या होत्या, एक निळी, एक मोकळी. जुन्या टीव्हीवर सगळं थोडं पुसट दिसायचं, त्यात पट्ट्या एकमेकींत विरघळायच्या आणि तळाचे दगड दिसणारं पाणी तयार व्हायचं. नव्या पडद्यावर पट्ट्या पट्ट्याच राहिल्या. आईला तिथं नदीऐवजी गज दिसत असतील.

चष्मेवाल्यांनी कार्डं पुढं ओढली आणि चित्रापुरतं केलेलं सगळं उलट करायला घेतलं. जुन्या टीव्हीसारखं दाखवणारी एक सोय प्रोग्रॅममध्ये होती, पण ती फार ढोबळ होती. तिच्यामुळं पाण्याबरोबर झाडंही बुडत होती. धूसरपणा किती असला म्हणजे काय दिसतं आणि काय हरवतं, हे मात्र त्यांच्याइतकं कोण जाणणार? ते बायकोच्या खुर्चीत बसत, आकडा एका घरानं हलवत, उठून लावत, पुन्हा जाऊन बसत. स्वतःलाच विचारत, हे बरं, की आधीचं? तिसऱ्या दिवशी पट्ट्या मावळल्या. तळाचे दगड वर आले. त्यांनी कधीच न पाहिलेली नदी त्यांच्या घरात वाहू लागली.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी त्यांनी कंट्रोलर तिच्या हातात दिला. या वेळी तिनं तो परत ठेवला नाही. अंगठा आपोआप जागेवर गेला. प्रवासी चालू लागला, एका वाकलेल्या झाडाखाली थांबला, पुन्हा निघाला. किती दिवसांनी तिचे खांदे सैल झालेले त्यांना दिसले. त्यांनी बाजूला खुर्ची ओढली. आपण दुकानात असताना इथं रोज हे चाललेलं असायचं. एखाद्या दुपारी लवकर आलो असतो तर?

तिनं एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून, बाहेरच्या माणसाशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली, “किती वाजले हो? हे यायच्या आत बंद करायला हवं. त्यांना असलं आवडत नाही.”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. काचा शर्टाच्या टोकानं पुसल्या. बराच वेळ पुसल्या.

“खेळा तुम्ही,” ते म्हणाले. “त्यांना आज उशीर होणार आहे. मला सांगून गेलेत.”

“असं होय?” ती म्हणाली, आणि प्रवाशाला घेऊन पुन्हा काठाला लागली.