आधीच फुटलेला नारळ

अर्पिताला गाडी हवी होती ती कॉलेजात मिरवायला नव्हे. यवतमाळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ही पोरगी संध्याकाळी शिकवण्या घ्यायची आणि त्या पैशांत बसेल, पण वाटेत दगा देणार नाही, अशी जुनी गाडी शोधत होती. कारण एकच, तिची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून विमलताईंना एसटीची पायरी चढवत नव्हती आणि पांढरकवड्यापलीकडचं माहेर तेव्हापासून तुटलं होतं.

भाड्याची गाडी करू म्हटलं की त्या उसळायच्या. “भाडेवाला अंगणात उभा, अन् त्याचं ध्यान घड्याळीत! माहेरी मले पाय पसरून बसाचं हाय, पोरी.”

राळेगावात त्यांच्याच गल्लीतल्या अफरोजभाईंनी आपली जुनी गाडी रविवारी सकाळी चालवून पाहायला दिली. कळंबपर्यंत जायचं, इंजिन कसं ओढतं ते बघायचं आणि परतायचं, एवढाच बेत. विमलताई मात्र ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर भरलेली पिशवी घेऊन मागे बसल्या. एवढा थाट कशाला, हे विचारायचं अर्पिताला सुचलं नाही. पोरगी हुशार, पण आईच्या बाबतीत हुशार माणसंही ढच असतात.

कळंबला चिंतामणीच्या देवळापाशी गाडी लावून ती पाण्याची बाटली आणायला गेली. येऊन पाहते तो बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, आणि काठी टेकत आई येणाऱ्याजाणाऱ्याला खोबरं वाटतेय. न घेतलेल्या गाडीची पूजा यथासांग उरकली होती.

“माय, गाडी अजून आपली नाही झाली!”

“व्हईन ना. देवानं पाह्यली आता.”

अर्पिताला हसू आवरेना. खरं सांगायचं तर तिलाही ती गाडी आपलीच वाटू लागली होती.

गावाबाहेर पडताच इंजिनच्या उष्णतेचा काटा चढू लागला. तिने गाडी कडुनिंबाखाली घेतली, इंजिन निवू दिलं आणि तेलाचं झाकण काढलं. आतून साईसारखा पांढरट फेस लागला होता. इंजिनच्या तेलात पाणी उतरलं होतं. असली गाडी घेणं म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणं.

“नाही घेता येणार, माय.”

विमलताईंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “मंग इंदूबाईले फोन लाव. फाट्यावर उभी हाय ते.”

आईने मोठ्या बहिणीला आदल्या दिवशीच कळवलं होतं, पोरीच्या गाडीनं येतो म्हणून. कळंबहून पोरीला गाडी तशीच माहेरी न्यायला आपण लावू, असा त्यांचा भाबडा हिशेब.

“कुठवर आल्या वं?” फोनवर इंदूमावशी ओरडत होती. “मी छत्री घेऊन उभी हाय!”

“घरी जाय, बाई. उनात नोको उभी राहू. गाडी नाही जमली.”

मग दोघी बहिणींपैकी फोन कुणीच ठेवेना. अर्पिताला आईकडे बघवेना.

थांबत थांबत, पाणी घालत त्या राळेगावला परतल्या. फेस पाहून अफरोजभाई ओशाळले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. बॉनेट पुसायला त्यांनी फडकं उचललं आणि विमलताईंकडे पाहून खाली ठेवलं.

“राहू द्या, भाऊ. ज्याची व्हईन त्याले लाभन.”

घरी अर्पिता पिशवी रिकामी करायला बसली. “लाडू खाऊन घे,” आई म्हणाली, “बाईचं लुगडं राहू दे आतच.”

पुढच्या रविवारी दुसरी गाडी बघायची होती. अर्पिता बॉनेट उघडते तोच विमलताई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. तीच साडी, मांडीवर तीच पिशवी, हातात फोन.

“सांगू काय वं बाईले, फाट्यावर ये म्हणून?”

अर्पिताचा हात तेलाच्या झाकणावर होता. आत काहीही निघो, हो म्हणून टाकावं, असं तिला फार फार वाटलं.

“थांब माय,” ती कशीबशी म्हणाली, “आधी झाकण तं उघडू दे.”