दादाचं नाक

"धाकटे नाहीत का?" नर्सबाईंनी गाडीतून उतरायच्या आधीच विचारलं.

मी समोर उभा होतो. धडधाकट, हातात पाना घेऊन. बाईंची ही जुनी गाडी त्यांचे यजमान होते तेव्हापासून मीच सांभाळलेली, तरी विचारणा धाकट्याची. मी म्हटलं, "तो सामान आणायला गेलाय. मी आहे की."

"तुम्ही असलात तर काय, उत्तमच," बाई म्हणाल्या आणि फाटकाकडे एकदा बघून घेतलं.

इंजिन चालूच होतं. चालू कसलं, धापा टाकत होतं. मागून काळा धूर निघत होता. बाई म्हणाल्या, "पेट्रोल नुसतं पाण्यासारखं पितेय हो. आणि वास तर असा सुटतो, की शेजारीण विचारून गेली, घरात काही सांडलंय का म्हणून. तुम्हाला येतोय ना?"

"येतोय तर," मी म्हटलं.

मला कसलाही वास येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी एक साधा ताप आला, चार दिवसांत गेला, आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक आहे जागेवर, चष्मा त्यावरच बसतो. पण त्याचा दुसरा उपयोग संपला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शिंप्याचं किंवा कारकुनाचं नाक गेलं असतं तर चाललं असतं. माझी सगळी पत त्या नाकावर उभी होती. वडिलांनी गॅरेज दोघा भावांना दिलं, पण नाक मला एकट्यालाच मिळालं होतं. गाडी फाटकातून आत येता येता मी सांगायचो, हिचं क्लच जळतंय, हिचं पाणी गळतंय, हिच्यात पेट्रोल कच्चं राहतंय. वडील गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, "आमच्या थोरल्याला बॉनेट उघडावं लागत नाही." धाकटा तेव्हा तिथंच चाकं धूत असायचा. ती मांडणी मला फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

आता सगळं उलटं झालंय. धाकटा शीळ घालत येतो, गिऱ्हाइकांच्या मुलाबाळांची चौकशी करतो, आणि लोक त्याच्यासाठी ताटकळत थांबतात. घरीसुद्धा तेच. "भावजींनी मिक्सर कसा चुटकीसरशी दुरुस्त करून दिला बघा," बायको म्हणते. मिक्सर मीही केला असता. मला विचारलं कुणी? परवा गॅसवरचं दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं, आणि मी शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसलेलो. बायको आतून धावत आली. "अहो, एवढा वास सुटलाय, कळलं नाही?"

"लक्ष नव्हतं," मी म्हटलं. हे माझं ठरलेलं उत्तर होतं.

बाईंना बाकावर बसवून मी कामाला लागलो. धाकटा यायच्या आत मला ही गाडी बरी करून दाखवायची होती. प्लग काढले तर चारही काजळी धरलेले. म्हणजे गाडी रिच चालत होती, पेट्रोल जास्त आणि हवा कमी. इथवर डोळ्यांनी भागतं. हवेची वाट अडवणारा चोक अडकलाय का पाहिलं, तो पूर्ण उघडा होता. हवेचा फिल्टर स्वच्छ होता. मग कार्बोरेटर उतरवला. त्यातला पोकळ फ्लोट कानाशी धरून हलवला; भोक पडून आत पेट्रोल शिरलं असतं तर आवाज झाला असता, पण तो मुकाट होता. सुई ठीक, जेट ठीक, पातळीही बरोबर. सगळं धुऊन पुसून परत बसवलं, गाडी सुरू केली, तर काळा धूर तसाच. मिक्श्चरचा स्क्रू आवळून पाहिला. इंजिनची धाप काही जाईना.

तेवढ्यात शीळ ऐकू आली. बाईंचा चेहरा असा उजळला, की मला प्लग फेकून मारावासा वाटला. कुणाला, ते विचारू नका.

"आलात? बघा हो जरा, हे केव्हापासून झटतायत," बाई बाकावरूनच म्हणाल्या.

"दादा बघतोय ना? मग मी काय वेगळे दिवे लावणार?" धाकटा हसला. माझ्याजवळ आला, बॉनेटखाली वाकला आणि हळूच म्हणाला, "ऑइल पाहिलंस का?"

त्याच्या चांगुलपणाचा मला भयंकर राग येतो. त्यात खोट काढता येत नाही.

मी इंजिन बंद केलं आणि ऑइल मोजायची पट्टी ओढली. पातळी खुणेच्या बरीच वर होती. बाईंनी जास्त ओतलं असेल, असं वाटलं. मग बाई बघतायत म्हणून, आणि धाकटाही बघतोय म्हणून, मी पट्टी नाकाशी नेली. वडील असताना घ्यायचो तसा डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"ऑइल ठीक आहे," मी धाकट्याला म्हटलं आणि पट्टी पुसायला त्याच्याकडे दिली.

त्यानं फडकं वर आणलं आणि तिथंच थांबला. पट्टी त्याच्या नाकापासून चांगली हातभर लांब होती. त्यानं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तो काही बोलायच्या आधी मला कळलं. डोकं अजून शाबूत आहे माझं. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला पडदा फाटला होता, पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरत होतं, म्हणून पातळी चढली होती. त्याचीच वाफ नळीतून परत वर जाऊन कार्बोरेटरमध्ये मिसळत होती. बिचाऱ्या कार्बोरेटरचा काहीच दोष नव्हता. ज्याला नाक आहे त्याचं हे दोन मिनिटांचं काम, आणि मी ते पेट्रोल नाकाला लावून ठीक म्हणालो होतो.

मी वाट पाहत राहिलो. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो. मोठ्यानं, बाईंना ऐकू जाईल असं. इतकी वर्षं चाकं धुतल्याचं उट्टं काढलं असतं.

"बाई, सापडलं!" धाकटा ओरडला. "दादानं ऑइलच्या वासावरनं ओळखलं. पंप गेलाय. पंप आणि ऑइल बदललं की झालं. हो ना दादा?"

"हो," मी म्हटलं.

"यांच्या नाकाचं मला कौतुकच आहे बाई," नर्सबाई म्हणाल्या. "आमचे हे नेहमी म्हणायचे."

त्यानं मला उघडं पाडलं असतं तर निदान हक्कानं त्याचा दुस्वास करता आला असता. तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही.

संध्याकाळी हात धुताना त्यानं विचारलं, "कधीपासून रे?"

"काय कधीपासून?"

"काही नाही," तो म्हणाला आणि साबण माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं शीळ कमी केली आणि कुरकुर सुरू केली. गाडी आत आली की स्वतःशीच बोलल्यासारखं, पण मला ऐकू येईल असं बोलायचा. "काय कच्च्या पेट्रोलचा भपकारा आहे!" नाहीतर, "क्लच जाळून आणलंय वाटतं." आयुष्यात कधी वासाबद्दल न बोलणारा माणूस. मी दर वेळी फणकाऱ्यानं म्हणायचो, "कळलंय मला." त्यावर तो "हो, हो" म्हणून निघून जायचा.

त्याचं नाक चांगलं आहे. माझ्याइतकं नव्हतं कधी, पण आहे. आणि मला ते हवंय, अजून हवंय.

आठवड्याभरानं एक म्हातारे गृहस्थ तसलीच जुनी गाडी घेऊन आले. मागून काळा धूर. "थोरले तुम्हीच ना? नर्सबाईंनी तुमचंच नाव सांगितलं," ते म्हणाले. धाकटा पलीकडे टायर काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी बॉनेट उघडलं, पट्टी ओढली. सवयीनं हात नाकाकडे निघाला. मग मी पलीकडे गेलो, धाकट्याशेजारी उकिडवा बसलो आणि पट्टी त्याच्या नाकासमोर धरली.

त्यानं वास घेतला. "ठीक आहे, दादा," तो हळू म्हणाला.

मी गुडघ्यांवर हात टेकून उठलो आणि म्हाताऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ऑइल ठीक आहे. आता कार्बोरेटर बघू."