शांतिदिनाची शाल

काठमांडूहून आलेल्या पोरापोरींनी शांतिदिनासाठी शाळेतल्या सगळ्या मुलांना पांढरे शर्ट वाटले आणि गाव पेटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आया ते शर्ट घेऊन शाळेच्या अंगणात हजर. एकीनंही तो पोराच्या अंगाला लावून पाहिला नव्हता.

"बाप जिता आहे याचा!" कर्णमाया ओरडत होती. "कतारमध्ये उन्हात भाजतोय बिचारा, पण धडधाकट आहे. तो असताना पोराला पांढरं घालू?"

"दिदी, हा शांतीचा रंग आहे," स्वयंसेवकांची म्होरकी प्रसिद्धी म्हणाली. "जगभर या दिवशी…"

"जगाचं जग बघेल. आमच्याकडं आईबाप मेले की पोरं वर्षभर पांढऱ्यात असतात. तुमच्या काठमांडूत काय लग्नात घालतात?"

बायका हसल्या. मीही हसले. मला ना पोर ना बाळ, माझ्याकडं शर्ट आलाच नव्हता, पण असा तमाशा चुकवायची मला सवय नाही. प्रसिद्धीनं सरळ हात जोडले, चुकलं म्हणाली, शर्ट पुन्हा पोत्यात भरले. मुलांनी शाळेचे निळे कपडेच घालायचे आणि छातीवर कागदाचा पक्षी लावायचा असं ठरलं. पोरगी मला आवडली. चूक कळल्यावर हात जोडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. सासूबाई, म्हणजे माझ्या आमा, पडवीत मक्याचे दाणे काढत बसल्या होत्या.

"खिमकला दिदी, परवा तुम्ही मंचावर यायचं. युद्धात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांचा सत्कार आहे."

"आमच्या घरचं माणूस गेलेलं नाही," मी म्हणाले. "नेलेलं आहे."

माझे यजमान याच शाळेत मास्तर होते. माओवाद्यांच्या युद्धाच्या दिवसांत वर्दीतल्या माणसांनी त्यांना वर्गातून बोलावून नेलं. दोन प्रश्न विचारायचेत म्हणाले. लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर ना माणूस आला, ना मढं आलं, ना निरोप. मग मी भांगात सिंदूर भरणार नाही तर काय करणार? गळ्यात पोते, म्हणजे सौभाग्याची मण्यांची माळ, हातात बांगड्या, तीजेला नवऱ्यासाठी निर्जळी उपास, सगळं चालू आहे. बारा वर्षं झाली तेव्हा धाकटे दीर नेपालगंजहून पंडित घेऊन आले होते. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून जाळतात, तेरा दिवस पाळतात आणि बायकोला पांढरं नेसवतात. मी पंडिताला अंगणातूनच परत पाठवला. माझ्या हातात विळा होता हे खरं, पण मी भाजी चिरत होते. आमा त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या माझ्या बाजूच्या आहेत, असं मी धरून चालले.

"त्यांचं नाव माइकवरून घेणार?" मी प्रसिद्धीला विचारलं.

"घेणार ना."

"मग 'दिवंगत' म्हणायचं नाही. 'बेपत्ता' म्हणायचं. कबूल असेल तर येते."

"कबूल," ती म्हणाली, आणि आमांनी दिलेले भाजलेले दाणे खात खात उतार उतरून गेली.

शांतिदिनाला मी पेटीतली लाल साडी काढली. आमा त्यांच्या नेहमीच्या पांढऱ्या लुगड्यात. सासरे मी या घरात यायच्या आधीच वारले, तेव्हापासून त्यांच्या अंगाला दुसरा रंग लागलेला मी पाहिला नाही. आम्ही दोघी निघालो तेव्हा वाटेत कुणीतरी म्हणालंही, "काय भाउजू, आज नवरीसारख्या!" मी म्हणाले, "मग वाजंत्री कुठाय?"

शाळेच्या अंगणात पताका होत्या. मुलांच्या छातीवरचे पक्षी वाऱ्यानं फडफडत होते, काहींचे उपडे लागले होते. मुलांनी गाणं म्हटलं, मधेच विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मुख्याध्यापक डंबर सरांनी लांबलचक भाषण केलं. हे डंबर सर आमच्या यजमानांच्या बरोबरीचे मास्तर, माझ्या हातचा भात कितीदा जेवलेले. मग प्रसिद्धीनं माइक घेतला आणि म्हणाली, "बेपत्ता शिक्षक, टोपेंद्र खड्का."

मी ते नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. बायकोनं घ्यायचं नसतं. त्यामुळं दुसऱ्या कुणी घेतलं तरच ते माझ्या कानावर पडायचं, आणि गावात ते कुणी घेईनासं होऊन किती काळ लोटला होता! माइकमधून ते डोंगरापर्यंत गेलं. मला इतका आनंद झाला की पायऱ्या चढताना मी साडीत पाय अडकून पडणारच होते.

प्रसिद्धीनं शाल उलगडली आणि माझ्या खांद्यांवर घातली. मऊ होती, उबदार होती, चांगल्या पैशांची होती. आणि पांढरीशुभ्र.

मी खाली पाहिलं. सगळं गाव समोर होतं. मला वाटलं, आता उठेल कुणीतरी. कर्णमाया उठेल, पोराच्या शर्टासाठी आकाशपाताळ एक करणारी. कर्णमाया शेजारणीच्या कानातलं निरखत होती. बाकीच्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं, एखादीनं मान हलवली, जसं काही उशिरा का होईना पण झालं. मग डंबर सरांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या.

तिसरीतली एक मुलगी मला कागदाचा पक्षी द्यायला आली. तिनं शालीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, "ठुलीआमा, तुमच्याकडं कोण मेलं?"

"जा जा, जागेवर बस," डंबर सर हसत म्हणाले. मी पक्षी हातात धरून उभी राहिले.

कार्यक्रम संपल्यावर प्रसिद्धी माझ्याजवळ आली. माझं तोंड बघून तिचं तोंड उतरलं.

"दिदी, काही चुकलं का? शर्टांचं तसं झालं, म्हणून शालीचं मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. तुम्ही सिंदूर लावता ना, म्हणून. सर म्हणाले, त्यांना पांढरं चालतं."

"सर एकटेच होते?"

"नाही, सगळी समिती होती. गावातल्या बायकाही होत्या."

"कुणी काही बोललं?"

"नाही. का?"

"काही नाही पोरी. तू जेवून घे, भात संपेल."

तिला काय बोलणार? तिनं विचारलं होतं. गावानं उत्तर दिलं होतं. एकेक गोष्ट मला तिथं उभ्या उभ्या कळत गेली. लग्नघरी मला सेलरोटी तळायला हमखास बोलावणं येतं, पण नवरीजवळ बसवत नाहीत. मला वाटायचं माझा हात चांगला आहे. हे सगळे मला केव्हाचे विधवा धरून बसलेत आणि मी लाल नेसून त्यांच्यातून हिंडते. वेड्या माणसाच्या हो ला हो करतात, तसं करत होते माझं. इतकी एकटी मी यजमानांना नेलं त्या दिवशीसुद्धा नव्हते. त्या दिवशी निदान सगळं गाव माझ्याबरोबर रडलं होतं.

घरच्या चढावर आमांना धाप लागली. पिंपळाच्या पारावर त्या बसल्या. मी उभीच राहिले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला.

"गाव जाऊ दे खड्ड्यात. तुम्ही तरी बोलायचं होतं! आई ना तुम्ही? तुमच्यासमोर तुमच्या मुलाला मेलेला ठरवला, आणि तुम्ही गप्प बसून राहिलात!"

आमा माझ्या शालीचं टोक बोटांत धरून म्हणाल्या, "बुहारी, रागावू नको. तुला पांढऱ्यात पाहिलं आणि मला बरं वाटलं."

"काय?"

"या घरात मी एकटीच पांढरी गं. माझा पोरगा गेला हे मला कधीचं कळलंय. आईला कळतं. पण तू समोर लाल नेसून उभी. तुझ्या कपाळाकडं बघून मी कसं म्हणू, तो गेला म्हणून?"

मी त्यांच्याशेजारी बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी या म्हातारीसाठी तिचा मुलगा जिवंत ठेवतेय. पंडिताला हाकललं तेही निम्मं तिच्यासाठीच. आणि मी तिला धड रडूही दिलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही त्यांच्यासाठी कधी रडलातच नाही?"

"रडले की."

"कधी? मी तर घरातच असते."

"तू गवताला जायचीस तेव्हा," आमा म्हणाल्या.