ठिणगीबाबाचं स्टूल

जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या इंजिनघरात मुंगीला शिरायलाही जागा उरत नसे. आगगाडी आल्यापासून गिरणीचं कापड एका दिवसात बंदरावर पोचत होतं आणि परतीच्या डब्यांतून ठिणगीबाबाचे भक्त येत होते.

बाबा मूळचा यंत्रांना तेल घालणारा. पण या गिरणीनं घरोघरचे माग बंद पाडले होते आणि तिला ना बैल, ना पाण्याचं चाक. मग ती फिरवतो कोण? वाफ म्हणावी, तर ती घरच्या पातेल्यातूनही निघते. पातेल्यानं कधी कापड विणलं नव्हतं. तेव्हा आत शक्ती कोंडली आहे, हे लोकांनीच ठरवून टाकलं. बाबानं फक्त तिच्याशी आपली ओळख असल्याचं सांगितलं.

घरचा माग मोडून गिरणीत लागलेली विणकरीण लेकीला घेऊन पुढे सरकली. पोरीची बोटं दातेरी चाकात सापडली होती. हात सुजून काळानिळा पडला होता आणि तिसऱ्या ठिणगीपर्यंत डॉक्टरची पायरी चढायची नाही, अशी बाबाची आज्ञा होती. आज तिसरी.

"अनवाणी या! शंका घरी ठेवून या!" बाबा स्टुलावरून गरजला. त्यानं पितळी काठी धावत्या चामडी पट्ट्याजवळ धरली. त्याचे केस ताठ उभे राहिले. पोरीच्या हाताजवळ बोट नेताच चट्‌कन ठिणगी उडाली. पोर किंचाळली.

"दुखणं निघतंय," बाबा म्हणाला.

"पावसाळी हवेत का नाही निघत?" विणकरणीच्या नणंदेनं विचारलं. ती शाळेत शिकवायची.

"ओलाव्यात शक्ती विश्रांती घेते."

"आणि स्टुलाच्या पायांखाली काचेच्या दौती कशाला?"

"ते शक्तीचं आसन आहे!"

"मग मलाही चढू द्या की."

"उतरा बाबा, दाखवाच हिला!" भक्तांनीच गलका केला. बाबाची पंचाईत झाली. भक्तांच्या श्रद्धेपुढे त्याला उतरावंच लागलं.

नणंद चढली, काठी पट्ट्याजवळ धरली आणि बाबाच्या नाकाला बोट लावलं. चट्‌! "आई गं!" बाबा मागच्या मागे कोलमडला.

मग अर्ध्या गर्दीनं नणंदेलाच हात जोडले.

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, चामडी पट्टा लोखंडी चाकावर फिरला की वीज साठते. कोरड्या हवेत कंगव्यानं केस चटचटतात ना, तीच ही. काठी ती उचलते, काच तिला जमिनीत जाऊ देत नाही. तुमचे अनवाणी पाय जाऊ देतात, म्हणून चटका. वहिनी, तू चढ."

विणकरीण चढली. तिच्याही बोटातून ठिणगी उडाली. तिला हसू आलं नाही. राग आला, बाबाचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. ती उतरली आणि लेकीला उचलून थेट दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी चार बोटं वाचवली. करंगळी कापावी लागली. "आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं.

आता गिरणीत कुणाला लागलं की ती एवढंच सांगते, "आधी डॉक्टर. चमत्कार कुठे पळून जात नाही, हात जातो."